आईनं तोंड उघडलं ती सकाळ

जानेवारीतला दुसरा रविवार. हजर: आई, मी, सावनेरहून आलेला धाकटा भाऊ आणि घरी येऊन तपासणाऱ्या दातांच्या डॉक्टर.

काम एकच होतं. आईनं तोंड उघडायचं. तिला अल्झायमर आहे. आठवडाभर ती घास गालात धरून थुंकत होती. कुठं दुखतं ते तिला सांगता येत नव्हतं. सुजलेला गाल तेवढा दिसत होता.

"आजी, आ करा," डॉक्टर म्हणाल्या.

"काहून? तुले सोताचे दात नाही का वं?"

आईनं ओठ मिटले. मी ब्रश पुढं नेला तर माझ्या बोटाला चावली.

मग भावानं खिशातून गुडाखूची डबी काढली. तंबाखू आणि गुळाचं हे काळं मंजन आईनं जन्मभर घासलं. लहानपणी मोरीजवळ तिच्या शेजारी बसून यानंही. आजार कळल्यावर आईची डबी मी फेकून दिली होती. भावाची त्याच्याकडंच राहिली. तो तिच्यासमोर बसला आणि बोटानं दात घासू लागला.

"चाल वं माय, मंजन करू."

आईनं त्याच्याकडं पाहिलं, बोट दाताला लावलं. तोंड उघडलं.

डॉक्टरांनी टॉर्च धरला. हिरड्या दातांपासून सुटलेल्या, मागच्या दाढेखाली पू. दाढ काढावी लागणार होती.

"हिरड्यांमुळंच हिचं डोकं असं झालं का?" मी विचारलं.

"हिरड्यांचे जंतू आणि हा आजार यांचा संबंध असावा, असं काही संशोधकांना वाटतं. सिद्ध झालेलं नाही. उलटंही असेल, विसरणारा माणूस दात घासायचंही विसरतो. दाढ काढली की दुखणं थांबेल. आठवण परत येणार नाही."

भाऊ मोरीत चूळ भरत होता. पाणी तांबडं पडलं.

"हे कधीपासून?" मी म्हटलं.

"माह्या मांगं नको लागू, ताई. मायचं पाह्य."

"मायच्याही हिरड्यांतून असंच रक्त येत होतं."

"सिद्ध नाही झालं म्हने नं डॉक्टर!" तो हसला. दातांच्या फटी काळ्या आणि लाल दिसत होत्या.

आईची दाढ त्याच आठवड्यात काढली. आता ती मऊ भात खाते आणि भाऊ आला की विचारते, "कोन गा तू?" तो उत्तर देतो, तिच्यासाठी आणलेले संत्रे सोलतो.

त्याच्यासाठी डॉक्टरांची वेळ मी दोनदा घेतली. दोन्ही वेळा तो आला नाही. तिसऱ्यांदा घ्यायची आहे.