काळजी करू नका, काका

जिभेला हाड नसतं, असं म्हणतात. मिठूच्या जिभेला हाड तर नव्हतंच, वर साखर होती. आणि तिखटानं होत नाही तेवढं नुकसान साखरेनं होतं, हे त्याला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मिठू हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मागच्या टेबलावर बसणाऱ्या खडूसनं ते ठेवलं. हा पोपटासारखं तेच ते गोड बोलतो, म्हणून मिठू. खडूसचं नाव दुकानातल्या सगळ्यांनी मिळून ठेवलेलं, आणि त्याची त्याला काही हरकत नव्हती. हात सोन्याचे, पण तोंड असं, की गिऱ्हाइकानं मशीन पुढे केलं की हा म्हणायचा, "हे मेलंय. दुसरं घ्या." तक्रारी वाढल्यावर मालकानं त्याला गिऱ्हाइकांशी बोलायला सक्त मनाई केली आणि काउंटरवर मिठूला बसवलं. मिठू आजही तिथंच बसतो. मालक त्याला हलवायला तयार नाही.

गोड बोलणं मिठू दुकानात शिकला नाही, ते तो घरून घेऊन आला होता. वडील महातापट. नळ गळतोय, दूध उतू गेलं, किल्ली सापडत नाही, कशावरूनही घर डोक्यावर घ्यायचे. मग आई आणि ताई स्वयंपाकघरात गप्प उभ्या राहायच्या आणि पुढे ढकलायच्या या शेंडेफळाला. हा जायचा आणि म्हणायचा, बाबा, मी बघतो, होईल, तुम्ही बसा. बघायचं काय, करायचं काय, त्याला ओ की ठो कळत नसायचं. पण बाबांचा आवाज खाली यायचा. आवाज खाली आला म्हणजे काम झालं, असं त्या पोराच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. नळ आपला गळतच राहायचा.

लग्न झाल्यावर बायकोनं हे लवकरच ओळखलं. कपाटाचं दार निखळलं होतं, ते तो रोज "होईल" म्हणायचा आणि ती रोज दार हातानं उचलून लावायची. ती म्हणायची, तुम्ही सरळ नाही म्हणालात तर मी सुताराला तरी बोलावीन, पण होईल म्हणालात की मला दार उचलतच बसावं लागतं. तो हसायचा. हसण्यावारी नेण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे पोटं उघडून ठेवलेली मशीनं, बाटल्यांच्या झाकणांत निवडून ठेवलेले स्क्रू, आणि धूळ उडवायच्या ब्लोअरचा दिवसभर भणभणाट. गिऱ्हाइकांशी कसं बोलावं हे शिकवायला मालकानं एकदा एका बाईंना आणलं. बाई हुशार होत्या. त्यांनी सांगितलं, मशीन नंतर, माणूस आधी. समोरचा घाबरून आलेला असतो, त्याला आधी बसवा, त्याचं पूर्ण ऐकून घ्या, 'नाही' हा शब्द काउंटरवर उच्चारू नका, आणि पहिलं वाक्य म्हणा, काळजी करू नका. खडूसनं मागून विचारलं, काळजी करण्यासारखंच असेल तर? सगळे हसले. बाई म्हणाल्या, तर ती काळजी आपण करायची. आता यात बाईंचं काही चुकलं नव्हतं. मिठूनं त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा उचलला. बाईंच्याच सल्ल्यानं मालकानं फोन रेकॉर्ड करायची सोय केली, आणि दर शनिवारी गिऱ्हाइकांना फोन करून सेवा कशी वाटली ते विचारायला सुरुवात केली. मिठूचे मार्क कायम सगळ्यांत वर.

अशात एका गुरुवारी एक काका-काकू दुकानात आले. काकूंनी लॅपटॉप तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. काका उंचेपुरे, भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात उभा जन्म घालवलेले. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा हमाल वळून बघायचा, असं काकू सांगत होत्या. आता मात्र आवाज फाटलेला होता. घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढायचं होतं. त्यानंतर बोलणं बंद, कायमचं.

म्हणून इस्पितळातल्या वाचा-शिक्षिकेनं सुचवलं होतं, की रोज लागणारी वाक्यं आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, मग फोनवर बोट ठेवलं की तुमच्याच आवाजात ती वाजतील. काका दोन दिवस लॅपटॉपसमोर बसून बोलले होते. चहा दे, भूक नाही, दिवा घालव, नातवंडांची नावं, बाजारातली जुनी हाळी, दोनचार ठेवणीतल्या शिव्यासुद्धा. काकूंनी एक वाक्य मुद्दाम लावून धरलं होतं. जन्मभरात या माणसानं 'चुकलं माझं' असं एकदाही म्हटलं नव्हतं, ते तेवढं रेकॉर्ड करा म्हणाल्या. काकांनी काकूंना खोलीबाहेर घालवून, दार लावून ते म्हटलं, आणि आत्ता नाही, ऑपरेशननंतर ऐक, अशी अट घातली. आणि बुधवारी केर काढताना काकूंचा पाय वायरीत अडकला. लॅपटॉप टेबलावरून खाली आला तो सुरूच होईना. वाक्यं सगळी त्यातच होती, दुसरीकडे कुठंही नव्हती.

काकूंचे डोळे सुजले होते. काका मात्र मजेत असल्यासारखे काउंटरवर टेकले आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "हे बघा, होत नसेल तर तसं सांगून टाका. सोमवारपर्यंत गळा माझा आहे. मी पुन्हा बसेन."

किती सरळ माणूस. आणि प्रश्नही किती सरळ. मिठूनं लॅपटॉपचं झाकणसुद्धा अजून उघडलं नव्हतं. पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"काळजी करू नका, काका," तो म्हणाला. "होऊन जाईल."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मिठूच्या डोक्यावरून हात फिरवायचाच काय तो बाकी ठेवला.

शुक्रवारी सकाळी खडूसनं लॅपटॉप उघडला, डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडून कानाशी धरली. आतून टक टक असा आवाज येत होता. त्यानं डिस्क टेबलावर ठेवली आणि मिठूला सांगितलं, आतल्या तबकडीवर ओरखडे गेलेत, यातून काही निघायचं नाही, आत्ताच्या आत्ता फोन कर, त्यांच्या हातात अजून तीन दिवस आहेत. मिठू म्हणाला, हो, करतो. त्याला बिचाऱ्याला खरंच करायचा होता. त्यानं वाक्यही मनात जुळवलं. मग एक प्रिंटर आला, मग एका मुलीचा पासवर्ड, मग जेवणाची वेळ. संध्याकाळी काकांचाच फोन आला.

काकांनी पुन्हा तेच विचारलं. मिठूनं जुळवलेलं वाक्य घशापर्यंत आणलं. मागे काकूंचा आवाज ऐकू येत होता, त्या कुणाला तरी सांगत होत्या की दुकानातला मुलगा फार चांगला आहे. आणि मिठूच्या तोंडून निघालं, की काम चालू आहे, काळजी करू नका.

आपण खोटं बोललो नाही, काम चालूच आहे, असं स्वतःला पटवायला त्यानं ती डिस्क दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला पाठवून दिली. तिथं बंद खोलीत, धूळ लागू न देता डिस्क उघडतात. खडूस म्हणाला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तिथंही तेच सांगतील. मग त्यानं विचारलं, "काकांना सांगितलंस ना?"

"सांगितलं तसं," मिठू म्हणाला.

शनिवारी मालकानं काकूंना फोन लावला. काकूंनी पैकीच्या पैकी मार्क दिले. मुलगा इतका धीर देऊन बोलतो, आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी शांत झोपलो, असं त्या म्हणाल्या. मालकानं हे सगळ्या दुकानाला ऐकवून मिठूची पाठ थोपटली. आता त्यानंतर कुठल्या तोंडानं फोन करायचा? मिठूनं दोनदा रिसीव्हर उचलला आणि दोनदा ठेवला. रविवारी दुकान बंद. घरी बायकोनं विचारलं, जेवत का नाही, काय झालंय? तो म्हणाला, काही नाही. गिऱ्हाइकांना कधी न मिळालेला 'नाही' घरच्या वाट्याला मात्र आला.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. सोमवार आला. मिठू दिवसभर घड्याळाकडे बघत होता. दुपार टळली तेव्हा त्याला कळलं, की आता सांगितलं काय आणि न सांगितलं काय.

वर्कशॉपचं उत्तर महिन्याभरानं आलं. काहीही निघालं नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत काका-काकू दुकानात आले. काका वाळले होते, गळ्याभोवती रुमाल होता, हातात नातवाची लिहून पुसायची पाटी. काकूंनी हसून विचारलं, झालं ना हो? यांना ते वाक्य ऐकवायची घाई झालीय, दाखवत नाहीत एवढंच.

मिठूनं सांगितलं. म्हणजे जीभ जड करून, काउंटरच्या कडेकडे बघत, त्यातून काही निघालं नाही एवढं सांगितलं.

काकूंनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

इथं खोटं बोलणं अगदी सोपं होतं. वर्कशॉपचं उत्तर परवाच आलेलं, तेच पुढे केलं असतं तर कुणाला काय कळणार होतं. मागे खडूसचा स्क्रूड्रायव्हर थांबला होता.

"शुक्रवारी," मिठू म्हणाला. "ऑपरेशनच्या आधीच्या."

काकांनी तोंड उघडलं. बाजारात उघडायचे तसंच, छाती भरून. रुमालाखालून नुसती हवा सुटली. ज्या माणसानं सबंध बाजार हाकला, त्याला शिवी द्यायलासुद्धा आवाज उरला नव्हता. त्यांनी पाटीवर काहीतरी खरडलं, क्षणभर पाहिलं आणि कुणी वाचायच्या आत पुसून टाकलं.

"चुकलं माझं, काकू," मिठू म्हणाला. त्याच्या जिभेवरची साखर त्या दिवशी कुठं गेली होती कोण जाणे.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. रागानंही नाही. "हेच होतं त्यात," त्या म्हणाल्या. "यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला."

शेवटी मालकाची मनाई मोडून खडूस काउंटरपाशी आला. शुक्रवारचा फोन रेकॉर्ड झालेला असेल, असं तो काकूंना म्हणाला. त्यात काकांचा आवाज आहे. फार नाही, मिनिटभर असेल. मिठूला हे आधीपासून ठाऊक होतं. त्यात आपलाही आवाज आहे, हेही ठाऊक होतं, म्हणून तो गप्प बसला होता.

खडूसनं तो फोन शोधून लावला. सगळ्यांनी तो उभ्यानं ऐकला, काकांनीही. संपल्यावर काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि मिठूला विचारलं, "यातलं तुमचं बोलणं काढून टाकता येईल का?"

मिठू हो म्हणाला. या 'हो'मध्ये मात्र काही खोट नव्हती.

ते काम खडूसनं केलं. मिठूची वाक्यं एकेक करून पुसली, त्यांची जागा कोरी ठेवली आणि उरलेलं काकूंच्या फोनमध्ये घालून दिलं. नीट आलंय का बघा, म्हणाला. काकूंनी काउंटरवरच लावून पाहिलं. मागे भांड्यांचा आवाज, आणि मग काकांचा, फाटलेला पण हसरा.

"हॅलो, मी बोलतोय. झालं का हो काम?"

थोडा वेळ काहीच नाही.

"तसं नव्हे, होत नसेल तर सांगा. गळा अजून आहे. आज रात्री बसतो पुन्हा, मला काय."

पुन्हा काहीच नाही.

"बरं. तुमच्यावर सोडतो मग."

काका दाराबाहेर रस्त्याकडे बघत होते. काकूंनी फोन कानाशी धरला आणि ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.