एस्तेरचा नंबर आला तेव्हा

कोराडीच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीत तारेवर कपडे वाळू घाला, संध्याकाळी झटका, राख निघते. उद्या पुन्हा झटका, पुन्हा तेवढीच. आमच्या सकाळच्या प्रार्थनेचे किस्से बी असेच साचले गा. कोणी मुद्दाम जमा नाही केले. रोज साडेपाचले तीच माणसं त्याच सतरंजीवर दहा-बारा वर्षं बसली, तर काही ना काही झडतेच.

अन् खरं सांगतो, मले जेवढं भेव वाटते तेवढे मी जास्त किस्से सांगतो. ज्या वर्षी एस्तेरच्या गळ्यात गाठ निघाली, त्या वर्षी पॉवर हाऊसमधले लोक मले पाहून रस्ता बदलत होते. एस्तेर म्हणजे माझी बायको. गाठ काढताना तिचा आवाज जाऊ शकते, असं डॉक्टर म्हणे. आता आमच्या प्रार्थनेत आवाज म्हणून जो काही होता, तो तिचाच. बाकी आम्ही सारे तिच्या मागं घासत जाणारे.

पण गाठीच्या आधीचं आधी सांगतो.

*

सतरंजी आमच्याच क्वार्टरमध्ये पसरत होती. एस्तेर, मी, टाइमकीपर लाजरस मास्तर, अन् कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी मार्थाबाई. आधी गाणं. मग मास्तर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणार. मग डावीकडून एकेकाचा नंबर. ज्याचा नंबर त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची. तो आमेन म्हणत नाही तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, अन् डोळे तर बिलकूलच नाही. हा मास्तरचा कायदा. सातच्या भोंग्याले ड्यूटी असली तरी हाच कायदा.

मार्थाबाईच्या नंबरात मी एकदा झोपलो, सपन पाहिलं, उठलो, तरी बाई अजून इंजिनियर साहेबाच्या सासूपर्यंतच पोचली होती.

तर एक दिवस बाजूच्या क्वार्टरचा ढोबळे आला. खाप्याचा माणूस, घरी शेती, हिंदू. सेकंड शिफ्ट करून अर्ध्या रात्री झोपे, अन् पहाटे आमचं गाणं त्याच्या उशाशी. भांडायलेच आला होता. पण आत पाहते तर सारे डोळे मिटून बसलेले, अन् मार्थाबाई चालू. आता अशात भांडण कोणाशी करता? बसला बिचारा एका कोपऱ्यावर. बसला तो मार्थाबाईच्या उजव्या हाताले. ती थांबली अन् याचा नंबर आला.

कोणीच बोलेना तर यानंच हात जोडले. म्हणे, "देवा, या लोकायले सांग, थोडं हळू गात जा. मी बाराले झोपतो."

मास्तर म्हणे, "आमेन."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हळू गाऊ लागलो. ढोबळे रोज येऊन बसे. आम्ही खरंच हळू गातो का, ते पाहाले!

*

मी त्या काळात प्रार्थनेत डोळे मिटतच नव्हतो. सारे डोळे मिटून बसले की माझ्या हाताले खाज सुटे.

एक दिवस गाण्याच्या वेळी मास्तरनं चष्मा काढून समोर ठेवला होता. मार्थाबाईचाही तिच्या मांडीजवळ. मी हळूच अदलाबदल केली. गाणं झालं, मास्तरनं चष्मा लावला, शास्त्र उघडलं. एस्तेर माझ्याकडे पाहून राहिली. तिले समजलं होतं. नवऱ्याचं तोंड पाहून पाप ओळखे ती.

मास्तर एक मिनिट थांबला. मग वाचू लागला. मोठं स्तोत्र, पानभर. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मले वाटलं, याले दोन्ही चष्मे लागू आहेत काय? शेवटी पुस्तक मिटवलं अन् म्हणे, "दानिएल, पुस्तक मले दिसलं नाही. रोज वाचतो म्हणून आलं. आता माझा चष्मा दे."

मी मार्थाबाईच्या नाकावरचा काढाले हात केला, तर तिनं माझा हात बाजूले सारला. म्हणे, "राहू दे. मले चार वर्षांनी पहिल्यांदा साफ दिसून राहिलं."

*

माझ्या नंबरची वेगळीच गंमत. मले छापलेलं जुळवून जुळवून वाचता येते, हातानं लिहिलेलं नाही. प्रार्थना तर मुळीच सुचत नव्हती. लग्न झालं तेव्हा एस्तेरनं मले पाच वाक्यं पाठ करून दिली. उपकार, पाऊसपाणी, मंडळी, आजारी लोक, अन् त्या वर्षी माझ्या भावाच्या पायावर लोखंड पडलं होतं, तर शेवटी भावाचा पाय. मी तेच रोज म्हणे. मालगाडीसारखं, डबे तेच, क्रम तोच.

एकदा भाऊ भेटाले आला. सकाळी सतरंजीवर बसला. माझा नंबर आला अन् मी गाडी सोडली. "अन् प्रभू, माझ्या भावाच्या पायाले बरं कर."

भावानं डोळे उघडले. आधी आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणे, "दादा, तीन वर्षं झाले गा बरा होऊन. मी पायदळ आलो स्टँडवरून."

ढोबळे असा हसला की त्याले बाहेर जा लागलं. पण एस्तेर हसली नाही. त्या दिवशी डबा देताना मले म्हणे, "तुम्ही देवाशी बोलतच नाही. तुम्ही पाढे म्हणता."

मी काहीतरी चेष्टा करून निघून गेलो. अजून आठवते ते. डबा देताना तिनं पदर गळ्याभोवती असा गच्च गुंडाळला होता, अन् मले वाटलं थंडी आहे म्हणून.

*

गाठ मले दिसलीच नाही. ऐकू आली. गाणं वर चढते तिथं एस्तेर एक दिवस थांबली. आम्ही बाकीचे वर जाऊन पोचलो तर तिथं कोणीच नाही! मास्तर बेसूर, मी बेसूर, मार्थाबाई तर भलतीकडंच. तेव्हा मी पदर बाजूले केला. सुपारीएवढी गाठ.

काय वं, कधीपासून, तर म्हणे दिवाळीपासून. कोणाले सांगितलं? तर वर बोट दाखवलं. मले लई राग आला. वर सांगितलं अन् बाजूले झोपते त्याले नाही!

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं गळा दाबून दाबून पाहिला. आवाजाची नस गाठीले चिकटली आहे म्हणे. जपून काढू, पण शब्द देत नाही. येताना आम्ही सीताबर्डीले बस बदलाले उतरलो. तिथं एस्तेर एका दुकानासमोर उभी राहून रेडिओवरचं गाणं ऐकून राहिली. बस आली, गेली, तरी हलली नाही. मी बी चाल म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर माझा नंबर आला. अन् पाची डबे गायब. उपकार आठवेना, पाऊस आठवेना. डोळे मिटलेले होते, कारण उघडले असते तर बाजूले तीच बसली होती. लई वेळानं मी नुसतं आमेन म्हटलं.

मग मार्थाबाईचा नंबर. मले वाटलं, आता अर्धा घंटा. तर मार्थाबाई म्हणे, "प्रभू, एस्तेरचा गळा. आमेन."

एवढंच. साऱ्यायचे डोळे एकदम उघडले. मास्तरनं घड्याळ पाहिलं, कानाले लावून पाहिलं.

जाताना मास्तरनं मले दारात धरलं. मी म्हटलं, उद्यापासून मी नाही बसत, मले काही बोलताच येत नाही. तो म्हणे, "आज पहिल्यांदा तू काही बोलला. उद्या ये."

गेलो. रोज गेलो. नुसतं आमेन म्हणून उठत होतो.

*

ऑपरेशनच्या दिवशी सारे आले. ढोबळेनं सुट्टी टाकली. अर्जात कारण लिहिलं, बहिणीचं ऑपरेशन. एस्तेरले आत नेलं, दार लागलं, अन् मी बोलाले सुरुवात केली. शिपायाले किस्से, नर्सबाईले किस्से, चष्म्याचा तर दोनदा. मास्तरनं मले खांद्याले धरून व्हरांड्यात खाली बसवलं. फेरी सुरू झाली.

डोळे मिटून बसलो होतो तर कोणीतरी माझ्या बाजूले येऊन बसलं. मले वाटलं ढोबळे. पण ढोबळे तर समोरून बोलत होता. माझं आमेन झालं. मग बाजूच्या माणसाचा नंबर. मग कागदाचा आवाज आला. अन् एक म्हातारा मास्तरले म्हणे, "साहेब, हा माझा कागद."

तिथं लोक जमिनीवर ओळीनं बसलेले दिसले तर तो बी बसला होता बिचारा. दवाखान्यात ओळ दिसली की आधी बसायचं, कशाची ते मग विचारायचं.

दुसरा कोणी असता तर उठवून दिलं असतं. मास्तरनं कागद घेतला, चष्मा लावला, अन् मोठ्यानं वाचलं, "प्रभू, सखाराम, राहणार सावनेर, वय बासष्ट, हर्निया. आमेन."

म्हाताऱ्यानं कागद परत घेतला, नीट घडी केली. म्हणे, "लवकर झालं गा इथं. गोळ्या कोणत्या खिडकीवर भेटतात?"

मी हसलो. लई हसलो. मग समजलं की हसू थांबत नाही अन् ते हसू नाही. मार्थाबाईनं पदर माझ्या तोंडावर धरला. तसंच बसून राहिलो दार उघडेपर्यंत.

*

गाठ निघाली. एस्तेर वाचली. पण डॉक्टरनं पंधरा दिवस तोंडातून एक शब्द काढाले मनाई केली. नस राहिली का गेली, ते ती बोलन तेव्हाच समजन म्हणे.

मास्तरनं तिले पाटी आणून दिली. आता गंमत पाहा, ती हातानं लिहिणार अन् मले हातानं लिहिलेलं वाचता येत नाही! इशाऱ्यानं जमे ते जमे, बाकी मी पाटी घेऊन मास्तरकडे पळे.

एक दिवस मी ड्यूटीले निघालो. एस्तेर खाटेवरून उठली, घाईघाईनं पाटीवर काहीतरी लिहिलं अन् दोन्ही हातानं दाखवू लागली. एक हात गळ्यावर. चेहरा लाल. म्हटलं, झालं, टाके तुटले. पाटी घेतली अन् पळत सुटलो. पूर्ण कॉलनी, कोळशाच्या ट्रकच्या मधून, गेटवरून थेट टाइम ऑफिस. पहिल्या शिफ्टचे शंभरेक लोक लाइनीत उभे. मी सारे बाजूले केले अन् पाटी मास्तरच्या टेबलावर ठेवली.

मास्तरनं वाचलं. मग माझ्याकडे खालून वर पाहिलं. मग पुन्हा वाचलं, मोठ्यानं, साऱ्यायच्या समोर.

"शर्ट उलटा घातला आहे."

*

पंधरा दिवस झाले. डॉक्टर म्हणे बोला आता. एस्तेर बोलेना. सोळावा दिवस, सतरावा. मी एकदा हळूच म्हटलं, बोलून तर पाह वं, तर तिनं मान हलवली, अन् डोळे असे भरले की मी पुन्हा नाव काढलं नाही. न बोलेपर्यंत आवाज आहे असं समजता येते ना. बोलून पाहिलं अन् नाही निघाला, तर? तिले ते भेव. मले त्याच्या दुप्पट.

अठराव्या दिवशी ती सतरंजीवर येऊन बसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. चाय चुलीवर आधीच ठेवून आली होती. आम्ही गाणं गायलं नाही. मास्तरनं शास्त्र वाचलं. मग फेरी. मार्थाबाई झाली, ढोबळे झाला, मास्तर झाला, मी झालो. मग एस्तेरचा नंबर.

कोणालेच समजेना काय करावं. एस्तेरले टाळून पुढं जावं असं कोणाच्या मनात आलं नाही. ती आमेन म्हणन तोवर थांबायचं, एवढं माहीत होतं. थांबलो.

पाच मिनिटं झाली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, मग तो बी नाही. मी डोळे घट्ट मिटले. वाटलं, आता ती प्रयत्न करून राहिली असन. ओठ हलत असतील अन् मागून काही येत नसन. ते मले पाहायचं नव्हतं. दहा मिनिटं झाली. बाहेर पहिल्या बसचा हॉर्न वाजला. कोणी हललं नाही. आत कुठंतरी भांडं वाजलं, मले वाटलं मांजर. मनात म्हटलं, प्रभू, तिले बोलायचं नसन तर नको बोलू दे, मी जन्मभर असाच बसतो. खरं सांगतो, ते कोणी पाठ करून दिलेलं नव्हतं.

भोंगा झाला. सातचा. मास्तरच्या आयुष्यात पहिला लेटमार्क. तरी मास्तर हलला नाही.

मग समोरून मास्तरचा आवाज आला. थोडा दचकलेला. "आमेन."

मग मार्थाबाई. "अगं बाई. आमेन."

मग ढोबळेनं बशीतून चाय ओढल्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले नाही. हिंमतच झाली नाही. कोणीतरी माझ्यासमोर बसलं. बांगड्या वाजल्या. हाताच्या पाठीले गरम कप लागला. मी घेतला नाही. पुन्हा लागला. मी तरी डोळे मिटूनच.

मग माझ्या कानाजवळ, पाटीवर खडू घासावा तसं, फाटकं, बारीक,

"धरा ना. चाय थंडी होऊन राहिली."