गोजाबाईची हक्कसोड

गोजाबाईला सासरी जाताना रडू आलं नव्हतं, कारण ती आत्याच्याच घरी चालली होती. मंगळवेढ्यापासून दोन कोसांवर त्यांची वाडी. बापाच्या घरातून निघायचं, ओढा ओलांडायचा, की आत्याचं घर. आत्याचा येडू तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, मेंढरांमागं फिरणारा, दिवसाकाठी चार शब्द बोलला तर बोलला. लग्न ठरलं तेव्हा बाप आणि आत्या एका घोंगडीवर बसले, सुपारी फुटली आणि बाप म्हणाला, "घरातली लेक घरात ऱ्हायली."

तीन पिढ्या असंच चालत आलं होतं. त्यामुळं मेंढरं वाटली जात नव्हती, काळी जमीन फुटत नव्हती, आणि परक्याच्या दारात मान खाली घालायची पाळी कुणावर येत नव्हती. त्या घरांत आणखीही एक गोष्ट चालत आली होती, पण तिच्याकडं कुणी तसं बघितलंच नव्हतं. गोजाबाईच्या आज्याचा भाऊ ऐन तिशीत आंधळा झाला होता. बिरोबाचा नवस फेडायचा राहिला म्हणून डोळे गेले, असं सगळे सांगायचे आणि विषय तिथंच मिटायचा.

गोजाबाईला दोन मुलं. थोरला तात्याबा, धाकटी शिवबाई. तात्याबा दहा-अकरा वर्षांचा असताना दिवस मावळला की उंबऱ्याला ठेचकाळायला लागला. मेंढरं घेऊन येताना तो कळपाच्या मधोमध चालायचा, अंगाला लोकर लागत राहील असा. पोरगं भित्रं आहे, असं आधी वाटलं. मग शेळीचं काळीज भाजून खायला घातलं, डोळ्यांत नाना रस पिळून झाले. काही उपयोग झाला नाही. आत्या मरेपर्यंत सुनेला ऐकवत राहिली, "माज्या लेकाचं डोळं घारीवानी हायत. ह्ये तुज्या पोटातनं आलंय." गोजाबाई ऐकून घ्यायची. तिलाही ते खरं वाटायचं.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. घर खडी फोडायला गेलं. तात्याबा तेव्हा सतरा वर्षांचा. समोरचा दगड त्याला दिसायचा, पण दगड धरलेला स्वतःचा हात दिसायचा नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं तो सांगायचा. चौथ्या दिवशी त्यानं हातोडा आपल्याच अंगठ्यावर घातला आणि मुकादमानं त्याला घरी पाठवून दिलं.

त्यानंतर घराला आधार उरला तो गोजाबाईच्या जमिनीचा. बाप वारल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं आणि भावाचं नाव लागलं होतं. तिच्या वाटणीचं आठ एकर काळं रान. थोरला भाऊ ज्ञानबा सगळी जमीन कसायचा आणि सुगी झाली की चार पोती जोंधळा तिच्या दारात आणून टाकायचा. इतर घरांत भाऊ बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात, जमिनीवर आपला हक्क नाही म्हणून कागदावर अंगठा घेतात. ज्ञानबानं कधी तसं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. शिवबाई त्याच्या थोरल्या पोराला द्यायची हे ती पाळण्यात असतानाच आत्यानं ठरवून ठेवलं होतं. लेक आली की तिच्यामागं जमीन येणारच होती.

"सोलापूरला न्हेऊन एकदा दाकीव त्येला," असं पंच्याहत्तर साली ज्ञानबाच म्हणाला. एस.टी.च्या भाड्याचे पैसेही त्यानंच दिले.

सोलापुरात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तात्याबाच्या डोळ्यांत औषध घातलं, अंधाऱ्या खोलीत नेलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी गोजाबाईला बाकावर बसवलं आणि विचारलं, "तुमचे मालक नात्यातले का?"

"व्हय. माज्या आत्याचं पोरगं."

"आधी कुणाचे डोळे गेले होते घरात?"

गोजाबाईनं आज्याच्या भावाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर घरातल्या माणसांची गोल गोल चिन्हं काढली आणि सावकाश समजावलं. हा दोष रक्तातून येतो. एकाच बाजूनं आला तर झोपून राहतो, माणसाला कळतही नाही. दोन्ही बाजूंनी आला की लेकरात उठतो. तो तुमच्यातही आहे आणि तुमच्या मालकांतही आहे.

"म्हंजी निस्तं माज्या पोटातनं न्हाय?"

"नाही बाई. दोघांकडून."

"आन औशद?"

"याला औषध नाही." त्यांनी विचारलं, "मुलगी आहे का?"

"हाय की. तिचं डोळं चांगलं हायत."

"मग तिला नात्यात देऊ नका. बाहेरच्या घरात द्या."

बाहेर रस्त्यावर सायकली, रिक्षा, टांगे यांची गर्दी होती. वीस वर्षांचा तात्याबा आईचा पदर धरून चालत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

गोजाबाईनं ज्ञानबाच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, "दादा, शिवीला तुमच्यात द्यायची न्हाय." आणि कारणही सांगितलं. ज्ञानबानं शांतपणे ऐकलं. तो काही वाईट माणूस नव्हता.

"माजं डोळं चांगलं हायत," तो म्हणाला. "माज्या पोराचं चांगलं हायत. शिवीचं चांगलं हायत. चांगल्याच्या पोटाला वंगाळ कसं ईल?"

"माजं बी चांगलंच हायत की दादा. आन ह्येंचं बी."

ज्ञानबा म्हणाला, "लेक भाईर गेली तर उद्या तिचा नवरा माज्या बांदावर हुबा ऱ्हाईल. हक्कसोड लिहून दे, गोजे, तरच मी शिवीचा शबूद सोडीन. तेवडं तरी कर."

घरी येडू म्हणाला, "आईनं जोडल्यालं नातं हाय." तेवढं बोलून तो बाहेर निघून गेला. शिवबाईला कुणी काही विचारलं नाही. तात्याबानं मात्र आईला समोर बसवलं.

"त्या रानावर मी जगणार हुतो, आये."

"ठावं हाय मला."

"शिवीची पोरं अजून जल्माला बी आली न्हाईत. त्येंच्यासाटनं तू माजी भाकर दितीयास."

कधी गोजाबाईला पोरगा खरा वाटायचा, कधी डॉक्टरीणबाई. आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. नवव्या दिवशी ती ज्ञानबाबरोबर मंगळवेढ्याच्या कचेरीत गेली. कारकुनानं कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "बाई, राजीखुशीनं देताय ना?" ती "व्हय" म्हणाली आणि अंगठा उठवला. बाहेर आल्यावर ज्ञानबानं तिला भजी घेऊन दिली. तिनं ती पदरात बांधून तात्याबासाठी नेली. त्यानं खाल्ली नाहीत.

शिवबाईचं लग्न कुंभारीच्या रावजीशी झालं. सोलापुरात गिरणीत कामाला, घरी जमीन नाही, आणि सात पिढ्यांत कुठं नातं जुळत नव्हतं. ज्ञानबा लग्नाला आला, आहेर केला, जेवला आणि गेला. त्यानंतर त्यानं बहिणीच्या घरची वाट सोडली. चार पोती बंद झाली. येडू दुसऱ्याच्या मेंढरांमागं जायला लागला. तात्याबाची नळी बारीक बारीक होत गेली आणि शहात्तरच्या दिवाळीत बंद झाली. तो दिवसभर भिंतीला टेकून लोकर कातायचा. हात चांगला होता त्याचा, पण लोकर आणायची कुठून?

अठ्ठ्याहत्तरला शिवबाईला मुलगा झाला. गोजाबाई महिनाभर कुंभारीला राहून आली. आल्यावर तिसऱ्या दिवशी तात्याबा हातातलं सूत न थांबवता म्हणाला, "डोळं कसं हायत त्येचं?"

"चांगलं हायत. दिव्याकडं बगतंय."

"मी बी बगत हुतो."

त्या वर्षीच्या माघात ज्ञानबाच्या रानात जोंधळ्याची काढणी निघाली. बाया कमी पडत होत्या. गोजाबाई न बोलावता गेली आणि इतर बायांच्या शेजारी आपली पात, उपटायची ओळ, धरून कामाला लागली. ज्ञानबा बांधावरून आला, तिच्यापाशी क्षणभर थांबला आणि पुढं गेला. जोंधळा उपटून तिच्या तळहातांची सालटं निघाली. तिन्हीसांजेला मजुरीच्या पेंढ्या वाटल्या तेव्हा तिच्या वाट्याला इतर बायांइतक्याच पेंढ्या आल्या, ना एक कमी ना एक जास्त. त्या डोक्यावर घेऊन ती ओढा उतरली. तात्याबा ओसरीवर बसला होता. तिनं पेंढ्या त्याच्यापुढं टाकल्या, आणि तो चाचपडत एकेक कणीस मोडायला लागला.