खंडेनवमीला झोपवलेली मेमरी

शाळा मी नववीत सोडली. सावंतवाडीकडून यवतमाळला आले ती मावसबहिणीच्या बाळंतपणाला, आणि बाळ चालायला लागलं तरी परत गेले नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या कॉम्प्युटरांतल्या मेमरीच्या पट्ट्या तपासून पुन्हा विकायचं काम चालायचं. तिथल्या इंजिनिअर मॅडमनी मला मुलाखतीला पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. तेवढ्यात मी तीनदा उठून चपला जागेवर आहेत का ते पाहून आले. मॅडमनी मार्कशीट मागितलंच नाही. म्हणाल्या, "ही चालेल." त्या दोन शब्दांवर मी अजून जेवते आहे.

का चालेल, ते पहिल्याच दिवशी कळलं. या पट्टीत लिहिलेलं टिकत नाही. लिहिल्याबरोबर ते झिरपायला लागतं, म्हणून मशीनला तिला एका सेकंदात कितीतरी वेळा आठवण करून द्यावी लागते. मला यात नवल वाटलं नाही. गॅस बंद केला का, कडी लावली का, माझं दिवसभर हेच चालू असतं.

अडचण पुढे होती. आठवण जास्त वेळा दिली की वीज जास्त जाते. कमी वेळा दिली की पट्टी विसरते, आणि उन्हाळ्यात तर लवकरच विसरते. शिवाय पट्टीतली एकच ओळ लाखो वेळा वाचत राहिलं की शेजारची ओळ आपोआप बदलते, आणि एखादा लबाड माणूस मुद्दाम तेच करून आत शिरू शकतो. आठवण विरळ केली की त्याचंही फावतं. या तिन्हींत बसेल असा एक आकडा शोधायचा, हे माझं काम.

ऑक्टोबरात नागपूरच्या एका ग्राहकाची खेप आली. कापूस बाजारातल्या वजनकाट्यांच्या कॉम्प्युटरसाठी पट्ट्या हव्या होत्या. चाचणीची अट अशी, की आधी दहा दिवस त्यांची माहिती पट्ट्यांत ठेवायची, ती हलता कामा नये, कुणी पाहता कामा नये, आणि वीज गेली तर छोट्या बॅटरीवर चोवीस तास निघाले पाहिजेत. माझा तीन महिन्यांचा उमेदवारीचा काळ त्याच आठवड्यात संपत होता. मालक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, सरळ म्हणाले, "ताई, खेप पास झाली त तू पक्की. नाही झाली त मले दुसरं माणूस पाहा लागन." आकडा मीच ठरवला होता, जरा विरळ, बॅटरीकडे बघून.

नववा दिवस खंडेनवमीचा निघाला. सकाळी चौकीदारकाका झेंडूच्या माळा, हळद-कुंकू घेऊन आत आले आणि म्हणाले, "बंद कर सारं. आज हत्यारायले विसावा."

"काका, हे बंद केलं तर नऊ दिवसांचं सगळं विसरेल."

"विसरू दे. मी बी लय विसरतो."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंना खेपही हवी होती आणि नवमीही. मॅडम सणाला माहेरी अमरावतीला होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "बंद करू नकोस, झोपव. झोपेत मशीन काही करत नाही, मेमरी तेवढी स्वतःला आठवण देत राहते."

काकांनी मशीनला कान लावला. "झोपली म्हणते, मंग हे भणभण कायची?"

"पंखा आहे तो."

"घोरून राह्यली म्हण ना." पण पंखा बंद झाल्याशिवाय त्यांनी कुंकू लावलं नाही. मग वर बघून म्हणाले, "तो छताचा बी पंखा मशीनच आहे." तोही बंद झाला. मग त्यांनी मेन स्विचला हार घातला आणि तो खाली ओढला. आता सगळं बॅटरीवर, आणि वर तापलेला पत्रा.

मी पट्ट्यांच्या पेटीचं कुलूप लावायला गेले तर किल्ली नव्हती. किल्ली पूजेच्या ताटात, विळा आणि पान्याच्या मध्ये.

"काका, किल्ली द्या. आत ग्राहकाची माहिती आहे."

"कुलूप बी हत्यारच. उद्या भेटन."

 भाऊंनी खुर्ची उचलून दारात नेली आणि ते दाराला पाठ लावून बसले. "मी त काही हत्यार नोहो ना?" काकांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि मान्य केलं.

दुपारी एकला तापमापीचा काटा मॅडमनी आखलेल्या लाल रेषेला टेकला. आठवण वाढवली तर बॅटरी पहाटेआधी संपणार, नाही वाढवली तर पट्ट्या विसरणार.  शेवटी मी पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फाडून घेतलं आणि मेमरीला वारा घालायला लागले.

काका बराच वेळ बघत होते. "ह्याले काही हरकत नाही," ते म्हणाले. "तू मशीन नोहो." थोड्या वेळाने माझ्या हातातून पुठ्ठा घेऊन म्हणाले, "हट, तुले जमून नाही राह्यलं. तिकडं उकडून राह्यलं तिले." कुणाला उकडतंय हे मी विचारलं नाही. दारातून भाऊ ओरडले, "जरा इकडं बी घाला ना कोणी." कोणी घातला नाही. ऊन उतरेपर्यंत मी आणि काका आळीपाळीने वारा घालत होतो. काटा रेषेवरून खाली आला तेव्हा खांद्यातून हात गळून पडतो की काय असं झालं होतं.

दसऱ्याला सकाळी काकांनी मेन स्विच वर केला, अहवाल निघाला. लाखो करोडो अक्षरांत एक चूक. पट्टीतल्या जादा तपासणीने ती स्वतःच दुरुस्त केली होती.

"दुरुस्त झाली म्हणजे झालीच नाही," भाऊ म्हणाले. "काहून लिहितं?"

मला त्यांचं ऐकायचं होतं. पण न लिहिलेली चूक घेऊन मला आयुष्यभर रात्री उठून बघावं लागलं असतं. मी लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: खंडेनवमी, पंखा बंद, हाताने वारा. माहेरून परतलेल्या मॅडमनी वाचलं, खाली सही करून अहवाल नागपूरला पाठवला, आणि मी दोन दिवस जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर लावला. पलीकडचा माणूस म्हणत होता, "खेप पास. आमच्याही काट्यांवर खंडेनवमीला सगळं बंद ठेवतात. दरवर्षी माहिती जायची, कारण कधी कळलं नाही. ही चाचणी तुम्ही मुद्दाम केली का?"

भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "मुद्दामच." मग फोनवर हात ठेवून, "ताई, आता दर खेपेले एक नवमी कराची. झेंडू मी आणतो."

संध्याकाळी मी घरी फोन लावला. मला पक्कं केलं, आता इथेच राहीन, असं सांगितलं.  आईने विचारलं, काम नेमकं काय गो तुझं?

"मेमरीने विसरू नये म्हणून वारा घालते," मी म्हटलं.

 "अगो," आई म्हणाली, "थंय पंखे नाय काय?"