घडीच्या सायकलीच्या शर्यतीत रबर खिशात आढळल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, वय वर्षे चोपन्न, शिक्षण सातवी नापास, धंदा अर्जलेखन, बसण्याची जागा तहसीलच्या फाटकाबाहेरील लिंबाखाली, गेली सत्तावीस वर्षे.

सामनेवाले: जिल्ह्याच्या गावचे सायकल मंडळ, ज्यांनी घडीच्या सायकलींची शर्यत भरवली.

घटनेचा दिवस: मार्गशीर्षातील वेळअमावास्येनंतरचा पहिला रविवार, सकाळी सात ते नऊ.

साक्षीदार: एक, माझी पत्नी, जी मैदानाच्या कडेला शाल पांघरून उभी होती. दोन, तलावाच्या बांधाखाली टेबल मांडून बसलेल्या अंगणवाडीताई. तीन, माझ्या शेजारी बसणारे मुद्रांक विक्रेते, जे शर्यतीला हजर नव्हते, परंतु ज्यांना सर्व काही माहीत असते.

कोणाचेही नाव मी लिहिलेले नाही. नाव आले की अर्जाचे भांडण होते, हा माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

आता हकीकत. मी चकलांब्याच्या अलीकडील एका वस्तीवर राहतो. तेथून एसटी थांबते तो फाटा चार किलोमीटर. पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी तिच्या कचेरीतील एकाची वापरलेली सायकल मला पाठवली. चाके लहान, मध्ये बिजागरी, दोन चाप. चाप सोडले की सायकल आपल्याच पोटात पाय घेऊन बसते. फाट्यापर्यंत मी तिच्यावर बसून जातो आणि पुढे ती माझ्याबरोबर बसून येते. पहिल्या दिवशी कंडक्टरने दारातच अडवले.

"ओ काका, सायकल आत न्हाई चालत."

"सायकल खाली होती. आत आली आहे ती पेटी."

त्याने वाकून पाहिले. "लई भारी हाय की. पन् लोकांच्या पायात नका ठेवू."

तेव्हापासून रोज दोनदा घडी आणि दोनदा उलगडा. एसटीचा ड्रायव्हर कोणासाठी थांबत नाही, म्हणून गाडी दिसल्यापासून दार उघडेपर्यंतच्या वेळात मी चाप सोडून, दांडा मोडून, सीट खाली घेऊन तयार असतो. हे कसब मला कोणी शिकवले नाही. मुद्रांक विक्रेते मात्र रोज बोलायचे: "काय बे, आज बी घडी घालून आलास? आता टेबलाची बी घाल, म्हंजे आपलं जागेचं भांडनच मिटलं."

एका वकीलसाहेबांनी मला स्टँडवर घडी घालताना पाहिले. त्यांच्याकडेही अशीच सायकल होती, नवी कोरी. ते घड्याळ काढून उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा करा." मी पुन्हा केले. त्यांनी बॅगेतून छापील फॉर्म काढून दिला. जिल्ह्याच्या गावी डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा मंडळींनी प्रकृतीसाठी या सायकली घेतल्या होत्या आणि आता त्यांची शर्यत ठरली होती. नियम असे: अंगात कोट असावा. सायकली घडी करून रांगेत ठेवाव्यात. शिट्टी होताच पळत जाऊन सायकल उलगडावी व निघावे. तलावाच्या बांधाखालच्या टेबलापाशी पुन्हा घडी करून दाखवावी, तेथे मनगटाला लाल रबर बांधून घ्यावे, उलगडून परत यावे आणि पंचांपुढे शेवटची घडी घालावी.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास नावाचे प्रमाणपत्र.

त्या ओळीवर मी थांबलो. जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे, मृत्यूचे, अशा प्रमाणपत्रांसाठी माझ्या हातून किती अर्ज गेले याची मोजदाद नाही. माझ्या लेखणीवर मुले इंजिनिअर झाली, विधवांचे पगार सुरू झाले. परंतु मी काही करून दाखवले, असे सांगणारा एकही कागद माझ्या स्वतःच्या नावाचा नाही. शाळेने दिलेल्या दाखल्यावर शेरा आहे, तो मी कोणास दाखवत नाही. तो फॉर्म मी घरी नेला, हात धुतले आणि भरला. आयुष्यात प्रथमच अर्जदाराच्या रकान्यात माझे नाव माझ्या अक्षरात पडले.

मुलीच्या लग्नात शिवलेला राखाडी कोट बाहेर काढला, तेव्हा पत्नी म्हणाली, "आवं, कोट घालून सायकल? वरात हाय का शर्यत?"

"नियम आहे."

"कुनी केला?"

"मंडळाने."

"मंग मंडळाला काम न्हाई."

तरीही तिने कोटाला इस्त्री केली आणि रविवारी पहाटेच्या गाडीने माझ्याबरोबर आली.

मैदानावर पन्नाशीवरील गटात आम्ही अकरा जण होतो. माझ्या उजवीकडे एक डॉक्टरसाहेब निळ्या कोटात होते. त्यांनी माझ्या सायकलीचा गंजलेला चाप पाहून काळजीने विचारले, "हा उघडतो ना?" मी म्हणालो, "आपला उघडला की सांगा." हे मी उद्धटपणे बोललो नाही, वस्तुस्थिती म्हणून बोललो.

शिट्टी झाली. डॉक्टरसाहेब चापाशी झगडत असताना मी फाटकाबाहेर पडलो होतो. मागे पाहिले तेव्हा अकरा कोटांपैकी सात अजून वाकलेलेच होते. रस्ता तलावाकडे चढत जातो. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली, वारा समोरचा. लहान चाकांना चढ मानवत नाही. पाय दुप्पट फिरवावे लागतात आणि तरी पाहणाऱ्यास माणूस जागच्या जागी आहे असे वाटते. उसाने भरलेला एक ट्रॅक्टर माझ्या पुढे होता. त्याच्या आडोशाने मी निम्मा चढ काढला आणि बांधाखालच्या टेबलापाशी माझ्या गटात सर्वांत आधी पोहोचलो. ही गोष्ट मी अभिमानाने नमूद करतो.

घडी घातली. अंगणवाडीताईंनी माझ्या मनगटाला लाल रबर चढवले आणि म्हणाल्या, "जा भाऊ, पयले हाय तुमी."

मी गेलो नाही. मी म्हणालो, "ताई, पोच?"

येथे थांबण्याचे कारण सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी शिरूर कासारकडील एक बाई माझ्याकडून रेशनकार्डाचा अर्ज लिहून घेऊन गेली. मी लिहिला, तिने खिडकीत दिला आणि ती ऊसतोडीला निघून गेली. सहा महिन्यांनी परत आली तेव्हा अर्ज कोठेच नव्हता. तिने दिला होता, तिला तो देताना मी पाहिले होते, पण त्या देण्याचा कागद नव्हता. ती मुलाला कडेवर घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली आणि मी पुन्हा पहिल्यापासून लिहू लागलो. त्या दिवसापासून माझ्या हातून गेलेला एकही कागद पोच घेतल्याशिवाय दाखल झालेला नाही. रबर ही खूण आहे. खूण म्हणजे पुरावा नव्हे.

ताईंकडे कागद नव्हता. माझ्या खिशात पाठकोरा होता. सायकलीच्या सीटवर धरून मी लिहिले: अमुक क्रमांकाचा स्पर्धक घडी केलेल्या सायकलीसह या ठिकाणी समक्ष हजर झाला. ताई वाचू लागल्या. एवढ्यात एक कोट आला, घडी घातली, रबर घेऊन गेला. मग दुसरा.

"भाऊ, लोकं चाललेत की," ताई म्हणाल्या.

"वेळ घाला आणि सही करा."

त्यांनी घड्याळ पाहून वेळ घातली, पूर्ण नावाने सही केली आणि पेन परत देताना म्हणाल्या, "मी बी लई अर्ज दिलेत बिनपोचेचे. बरं करता तुमी."

आता जे घडले ते माझ्या हाताने घडले, मी ते नाकारत नाही. कागदाची चार पदरी घडी घातली. सत्तावीस वर्षे अशी घडी घातली की पुढचे काम हात आपोआप करतात. मनगटावरचे रबर मी काढले, कागदाला लावले, कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि निघालो.

परतीचा रस्ता उताराचा. एकास मी जवळजवळ गाठले होते, परंतु तिसराच आलो. पंचांच्या टेबलापुढे शेवटची घडी मात्र मी अशी घातली की शेजारच्या टेबलावरचा चहावालाही थांबून पाहू लागला.

मुख्य पंच निवृत्त कवायत शिक्षक होते. ते म्हणाले, "मनगट दाखवा."

मनगट रिकामे होते. मी खिशातून कागद काढला. रबर त्यावर होते.

"रबर हाताला पाहिजे, काका."

"हातालाच होते. आता कागदाला आहे."

"आसं रबर कुनीबी घरून खिशात घालून आनंल."

"मग आतील सही वाचावी."

त्यांनी वाचले. "हे तर तुमीच लिवलंय."

"मी सर्वांचेच लिहितो. सही ज्याची असते, म्हणणे त्याचे असते."

पंच हसले. त्यांच्या हसण्यात वाईटपणा नव्हता, हे मी कबूल करतो. परंतु फळ्यावर माझ्या क्रमांकापुढे 'अपूर्ण' असे लिहिले गेले. सर्वांत शेवटी पोहोचलेल्या डॉक्टरसाहेबांसह दहा जणांना प्रमाणपत्रे मिळाली. डॉक्टरसाहेबांनी जवळ येऊन माझा हात हातात घेतला आणि विचारले, "ती घडी एकदा शिकवाल का?" मी त्यांना तेथेच, सावकाश, तीनदा शिकवली.

परतीच्या एसटीत पत्नी म्हणाली, "कागदापाई थांबला नसता तर पयले आला असता."

"हो."

"आन् पुन्हा गेला तर?"

"थांबेन."

तिने डबा उघडला आणि भाकरी माझ्या हातात दिली. संध्याकाळी वस्तीवर मात्र तिने सांगितले की आमचे हे तिसरे आले, मोठमोठ्या वकिलांत. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

मुद्रांक विक्रेत्यांनी सोमवारी टेबल मांडायच्या आत सुनावले: "सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या कागदाला रबर लावलं, आन् यवढं एक हाताला ठिवता आलं न्हाई बे तुला." तासाभराने त्यांनी आपल्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवताना म्हटलेले मी ऐकले, "त्याच्याकडनंच लिवून घ्या. त्याचा कागद हरवत न्हाई."

पुढच्या रविवारी मी सायकलीने अंगणवाडीताईंच्या गावी गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि वहीचे पान फाडून, मी एक शब्दही न सांगता, आपल्या अक्षरात लिहिले की सदर गृहस्थ सर्वांआधी आले होते, रबर मीच बांधले होते, आणि ते सहीसाठी थांबले. ते पान सोबत जोडले आहे. ते माझ्या अक्षरात नाही, याची मंडळाने कृपया नोंद घ्यावी.

सबब मंडळास विनंती की, फळ्यावरील 'अपूर्ण' हा शेरा रद्द करून मला तिसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र द्यावे. क्रमांक देणे नियमात बसत नसल्यास तो गाळावा, परंतु मी शर्यत पूर्ण केली एवढे लिहून द्यावे. आणि तेही मान्य नसल्यास, न देण्याची कारणे माझ्या नावे, सही-शिक्क्यानिशी, लेखी कळवावीत. लेखी उत्तर येईपर्यंत हे प्रकरण माझ्या बाजूने मिटलेले नाही, असे समजावे.