उतारशाळेच्या मालकाची बायको

करंजी तळताना वास सुटला की मला श्रीरामपूरचा तो नाताळ आठवतो. चर्चच्या महिला मंडळाचे येशूजन्माचे नाटक मी लिहायचे होते, पण पहिलेच वाक्य सुचत नव्हते. फराळाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाटक हाती आले नाही, तर बायकांऐवजी तरुण संघ रंगमंचावर जाणार होता. करंज्या करायला आम्ही बायका जमलो असताना मी सरळ सांगितले, मला जमत नाही. मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षबाईंनी लाटणेसुद्धा थांबवले नाही. "लिहू नको, नुसतं ऐक. मी उतारशाळेचा, म्हंजी धर्मशाळेचा मालक, ही माझी बायको. मरिया दारात उभी हाय," असे म्हणून त्या शेजारी बसलेल्या बाईवर खेकसल्या, "जागा न्हाई, सांग तिला." ती बाई सारण भरता भरता म्हणाली, "तुमच्या भावाला महिनाभर जागा हुती. ही अवघडलेली बाई दिसंना व्हय? सरा, गोठ्यात गवत टाकते मी." मी पिठाच्या हातानेच ते लिहून घेतले आणि दिवेलागणीला नाटक पूर्ण झाले. अडलेल्या माणसाला इतक्या सहज वाट काढून देणारे, अध्यक्षबाईंसारखे दुसरे कोणी मला भेटले नाही. आजही लिहिताना अडले की मी कोणाला तरी दारात उभे करते आणि आतल्याला नाही म्हणायला लावते.