फोरमनने आवळलेला नट

छापखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्याला सगळे फोरमनच म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. वस्तीबाहेर गवताची एक धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याच्या आठ शेड. प्रत्येक शेडमध्ये कुणा हौशी माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेलं छोटं विमान होतं. एक दातांच्या डॉक्टरचं, एक बेकरीवाल्याचं, असं. या मंडळींनी पुस्तकं वाचून आणि आराखडे बघून विमानं बांधली होती खरी, पण बिघडलं की त्यांचे हात थांबत. इंजिन खोकायला लागलं, ब्रेक अडकला, की सगळे फोरमनच्या शेडकडे वळत.

फोरमन यायचा, चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. बाकीचे गप्प उभे राहत. मग तो म्हणायचा, "दुसऱ्या सिलिंडरचा प्लग." आणि तोच असायचा. त्याचं स्वतःचंही विमान होतं, एकाच माणसाचं, सात वर्षं खपून बांधलेलं. पण ते उडवण्यापेक्षा त्याला ती भोवतालची शांतता जास्त प्रिय होती.

त्याची बायको टेलिफोन ऑफिसात तक्रार विभागात होती. अठ्ठावीस वर्षं तिने लोकांच्या बंद पडलेल्या लाइनी शोधल्या. ती निवृत्त झाली त्या वर्षी एका रविवारी म्हणाली, "अहो, मीही येते. घरात बसून भिंतींशी किती बोलू?"

पहिले दोन रविवार ती घडीच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होती. तिसऱ्या रविवारी बेकरीवाला रेडिओची तक्रार घेऊन आला. बोलायला लागलं की खरखर. फोरमनने तो रेडिओ आधी दोनदा उघडला होता. आता तिसऱ्यांदा उघडायला घेतला, तेवढ्यात बायकोने पेपरामागून विचारलं, "इंजिन बंद असताना खरखर येते का?"

बेकरीवाला विचारात पडला. त्याने कधी बघितलंच नव्हतं. बघितलं, तर खरखर नाही.

"मग रेडिओ चांगला आहे," ती म्हणाली. "इंजिनाकडून काहीतरी येतंय."

ती उठली, चष्मा पुसला आणि वायरींवरून बोट फिरवत गेली. माइकची वायर आणि इंजिनाच्या प्लगांकडे ठिणगी नेणारी वायर एकाच गठ्ठ्यात बांधलेल्या होत्या. तिने गठ्ठा सोडला, माइकची वायर दुसऱ्या बाजूने घेतली, आणि खरखर थांबली.

"वहिनी, इतके दिवस कुठे होतात?" बेकरीवाला म्हणाला. सगळे हसले. फोरमनही हसला.

घरी जाताना गाडीत तो कपाळ चोळत होता.

"डोकं दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही." गिअर बदलत तो म्हणाला, "तो रेडिओ परवा मीच आतून साफ केला होता. म्हणून चालला."

"हो का? बरं झालं मग," ती म्हणाली. तिने ते खरं मानलं, आणि ते त्याला जास्तच झोंबलं.

मग तिने एक रेघांची वही आणली. तारीख, कुणाचं विमान, त्रास कधी होतो, कधी होत नाही, आधी कुणी काय हलवलं, हे सगळं ती लिहायची. ऑफिसातली सवय. ती कान लावत नसे की डोळे मिटत नसे. नुसतं विचारत बसायची, इतकं की माणूस कंटाळायचा, आणि कंटाळता कंटाळता बिघाड स्वतःच सांगून टाकायचा. सहा महिन्यांत लोक शेडमध्ये डोकावून आधी तिची खुर्ची बघायला लागले. फोरमन मनात हिशेब ठेवायचा. एका रविवारी पाच जण तिच्याकडे आले आणि दोघे त्याच्याकडे. त्यातला एक पाना मागायला.

चारचौघांत तो तिची कौतुकं करायचा आणि आतून जळायचा. तिने एखाद्या भागाचं नाव चुकवलं की लगेच सुधारायचा. एकदा वीज मोजायच्या तिच्या मल्टीमीटरमधल्या बॅटऱ्या काढून त्याने स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातल्या, आणि रविवारी मीटर सुरू होईना तेव्हा म्हणाला, "घड्याळ बंद पडलं होतं, मला काय माहीत तुला लागणार." त्याला स्वतःची लाज वाटली. पण दुपारपर्यंत कुणी तिला काही विचारलं नाही, याचं समाधानही वाटलं.

अशातच डॉक्टरचं विमान बिघडलं. तक्रारी दोन होत्या. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधूनच उडी मारायचा, विशेषतः पुढचा दिवा लावला की. आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा दांडा, जड झाला होता.

"थ्रॉटल माझा, काटा हिचा," फोरमन म्हणाला. तो हसत म्हणाला, पण त्याने खरोखरच वाटणी केली होती.

बायकोने वहीत दोन्ही तक्रारी एकाखाली एक लिहिल्या आणि पेन्सिलीने एक कंस काढून त्या जोडल्या. "दोन्ही एकाच महिन्यात सुरू झाल्या," ती म्हणाली. "मला वाटतं, मूळ एकच असेल."

"दांडा लोखंडाचा, काटा विजेचा. दोघांचा काय संबंध?"

"माहीत नाही अजून. पुढच्या रविवारी बघू."

मधल्या बुधवारी फोरमन एकटाच शेडवर गेला. थ्रॉटलची केबल सोडवण्यासाठी तो इंजिनाखाली वाकला, आणि त्याला ती पट्टी दिसली. इंजिन रबराच्या बुशांवर बसवलेलं असतं, त्यामुळे विमानाच्या सांगाड्याला त्याचा धातू लागत नाही. बॅटरीतून इंजिनात गेलेल्या विजेला परत यायला वाट लागते, ती वाट म्हणजे तांब्याच्या तारांची ही विणलेली पट्टी. तिचा नट ढिला होता. बोटाने फिरत होता.

त्याला क्षणात सगळं कळलं. परतीची मोठी वाट बंद पडली की वीज मिळेल त्या वाटेने परत येते, आणि इंजिनाला जोडलेली दुसरी धातूची वस्तू म्हणजे थ्रॉटलची केबल. इंजिन सुरू करताना स्टार्टरची सगळी वीज त्या बारीक केबलमधून जात असणार. आतलं प्लास्टिकचं अस्तर तापून मऊ होत असणार. म्हणून दांडा जड, म्हणून काटा वेडा. बायकोचा कंस बरोबर होता.

तो बराच वेळ इंजिनाखाली तसाच वाकून राहिला. रविवारी ती हेच शोधणार होती. कदाचित तासाभरात. आणि सगळे पुन्हा म्हणणार होते, वहिनी, वहिनी.

त्याने पाना घेतला आणि नट आवळला. केबलमध्ये तेल सोडलं. दांडा बऱ्यापैकी सैल झाला. पट्टीचं दुसरं टोक त्याने बघितलं नाही. बघायला दिवा लागला असता, वेळ लागला असता, आणि त्याला तिथून लवकर निघायचं होतं.

रविवारी काटा उडी मारेना. बायकोने दिवा दहा वेळा लावला, बंद केला, वायरी ओढून बघितल्या. काही नाही. दांडाही ठीक.

"केबलला तेल नव्हतं, बाकी काही नाही," फोरमन म्हणाला. "काटा काय, थंडीने अडकत असेल."

डॉक्टरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी जुनं ते जुनं हं, फोरमन."

तीन आठवडे फोरमन मजेत होता. बायको मात्र त्या पानापाशी अडून होती. तिने लिहिलं होतं, "त्रास आपोआप गेला. कारण सापडलं नाही." जेवतानाही मधेच म्हणायची, "आपोआप कसा गेला असेल हो?" तो वाढून घ्यायचा आणि विषय बदलायचा.

चौथ्या रविवारी सकाळी डॉक्टरच्या इंजिनाने सुरू व्हायला कुरकुर केली. स्टार्टर मरगळल्यासारखा फिरला. तीन-चार प्रयत्नांनी इंजिन सुरू झालं आणि डॉक्टर उडाला. दहा मिनिटांनी तो धावपट्टीच्या वर आला, पण उतरेना. एक चक्कर, दुसरी चक्कर. इंजिनाचा आवाज कमीच होत नव्हता.

"दांडा अडकलाय," बायको म्हणाली.

तिसऱ्या चक्करला धावपट्टीच्या सरळ रेषेत आल्यावर डॉक्टरने इंजिनच बंद केलं. एकदम शांत झालं. विमान वाऱ्यावर खाली आलं, पण जरा लांब उतरलं, गवतावरून घसरत कुंपणाच्या झुडपांत शिरलं. उजवं चाक मुडपलं. सगळे धावले. डॉक्टर स्वतःच्या पायांनी बाहेर आला. कोपर खरचटलं होतं, आणि तो उगाचच खिसे चाचपत होता.

माणूस धड आहे असं बघितल्यावर बायकोने इंजिनावरचं झाकण काढलं. केबलचं अस्तर आत वितळून तारेला चिकटलं होतं. मग तिने ती तांब्याची पट्टी धरली आणि हलकेच ओढली. एक टोक घट्ट राहिलं. दुसरं टोक तारा दाबून धरणाऱ्या टोपणातून निघून तिच्या हातात आलं. आतल्या तारा केव्हाच्या तुटत आल्या होत्या. ढिला नट हा निम्माच बिघाड होता. तो आवळताना पट्टी पिळली गेली, तुटक्या तारा एकमेकींना टेकल्या आणि तीन आठवडे कसंबसं चाललं.

घट्ट टोकाच्या नटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. तिने डॉक्टरला विचारलं, "हा तुम्ही आवळलात?"

"नाही."

तिने आणखी कुणाला विचारलं नाही. वही मांडीवर ठेवली आणि लिहायला लागली. फोरमन तिच्या मागे उभा होता. त्याला अक्षरं दिसत होती. "नट कुणी आवळला ते..."

"मी," तो म्हणाला.

पेन्सिल थांबली. डॉक्टरने वर बघितलं. "तुम्ही? मग सांगितलं का नाही?"

विसरलो म्हणता आलं असतं. त्याच्या वयाला ते शोभलंही असतं. "हिला सापडू नये म्हणून," फोरमन म्हणाला.

बेकरीवाला खाली बघत राहिला. बायकोने वाक्य पूर्ण केलं, तारीख विचारली, त्याने बुधवारची तारीख सांगितली, तिने ती लिहिली.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी ती भाजी निवडत असताना म्हणाली, "ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण होता, आठवतो? मी तक्रार लिहून घेतली की माझ्याआधी गुपचूप जाऊन जोडून यायचा. मी जायची तर लाइन चालू. मला वाटायचं, मला काम येत नाही. दोन वर्षं तसंच वाटत होतं."

"आठवतो."

"तुम्ही म्हणायचात, तो माणूस हलकट आहे."

"मी म्हणायचो?"

"दर आठवड्याला."

तो तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "लोक तुझ्याकडे जातात ते मला बघवत नाही. सहा महिन्यांत तू माझं सगळं घेतलंस असं वाटतं. तू काही घेतलेलं नाहीस, हेही कळतं. तरी वाटतं."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पण माणूस वर असताना खाली खेळ करायचा नाही. माझ्याशी करा हवं तर. वर असलेल्या माणसाशी नाही."

"नाही करणार."

"बघू," ती म्हणाली आणि देठं बाजूला सारली.

पुढे पाच रविवार फोरमनने डॉक्टरचं विमान दुरुस्त केलं. नवी केबल घातली, चाक सरळ केलं, एका पट्टीच्या जागी दोन पट्ट्या बसवल्या. प्रत्येक नट आवळला की बायको जवळ येऊन तपासायची, मगच लिहायची. सगळ्यांदेखत. त्याचे कान तापायचे, पण तो थांबायचा. डॉक्टर कामापुरतं बोलायचा. बाकीच्यांपैकी कुणी त्या दिवसांत त्याला इंजिन ऐकायला बोलावलं नाही.

सहाव्या रविवारी डॉक्टरने एकट्याने दोन फेऱ्या मारल्या, उतरला आणि शेजारची रिकामी जागा दाखवत म्हणाला, "वहिनी, चला."

ती कधीच विमानात बसली नव्हती. फोरमनच्या विमानात दुसरी जागाच नव्हती, आणि सात वर्षांत ती करावी असं त्याच्या मनात आलं नव्हतं. तिने पदर खोचला, पट्टा बांधून घेतला आणि गेली. तो खाली उभा राहून बघत होता. तेच जुनं जळणं पुन्हा सुरू झालं. या खेपेला ते डॉक्टरवर होतं. तिची पहिली भरारी त्याने दिली म्हणून.

ती उतरली तेव्हा केस विस्कटले होते.

"भीती वाटली?" त्याने विचारलं.

"जरा. मग आवाज ऐकत बसले." तिने इंजिनाकडे बोट केलं. "उजवीकडून एक टिकटिक येते, वेग कमी केला की. विजेचं नसावं. मला काही कळली नाही. तुम्ही बघता का?"

फोरमनने डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर बाजूला सरला आणि म्हणाला, "बघा."

फोरमनने स्क्रूड्रायव्हर काढला. कानाला लावण्याआधी तो बायकोला म्हणाला, "तू पण ये इकडे. नेमकी कधी यायची ते सांग."